भाकरी चावताना गाल उडाला

"मॅडम, परवा भाकरी चावताना गालात कायतरी उडल्यागत झालं बघा."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये खुर्चीवर टेकायच्या आधीच पेशंटबाईंनी हे सांगितलं. पुण्यात त्यांचं चेहऱ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी याचीच वाट बघत होते.

कानाच्या आजारात डाव्या बाजूची चेहऱ्याची नस गेली, तेव्हा त्या कॉलेजात होत्या. 'तोंडावरनं वारं गेलं' म्हणून झाडपाला झाला, शेक झाला, वर्षानुवर्षं विजेचा करंट देऊन झाला. नसेचा हुकूम थांबला की चेहऱ्याचे स्नायू सुकत जातात. साधारण दीड-दोन वर्षांनंतर नस जोडली, तरी हलायला खाली स्नायूच शिल्लक नसतो. 'आता उशीर झाला' असं त्यांना सांगितलं गेलं, ते नस जोडण्यापुरतं खरं होतं. पण हसू परत आणायचा दुसरा रस्ता आहे, हे कुणीच बोललं नाही. याची मला फार चीड येते. जपानमध्ये हारी या सर्जननी मांडीचा स्नायू चेहऱ्यावर बसवल्याचं १९७६ सालीच प्रसिद्ध केलं होतं.

मांडीच्या आतल्या बाजूचा हा ग्रॅसिलिस. त्याची पट्टी रक्तवाहिन्या आणि नसेसकट काढून गालात बसवतात. एक टोक ओठाच्या कोपऱ्याशी, दुसरं कानशिलाकडे. रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्यानं जोडतात. चालण्यात फारसा फरक पडत नाही, मांडी आत ओढायला दुसरे दणकट स्नायू असतात. या स्नायूला हुकूम द्यायला चांगल्या बाजूच्या नसेतून, पोटरीतली नस वापरून, पलीकडे जोडणी नेता येते. त्यानं हसू आपसूक येतं, पण ऑपरेशनं दोन आणि मध्ये कित्येक महिने थांबायचं. घरी लहान मुलं, शेत. म्हणून एकाच ऑपरेशनात चावण्याच्या स्नायूची, म्हणजे मॅसेटरची, नस जोडायचं ठरलं.

नस वाढते दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर. ती नव्या स्नायूत पोचेपर्यंत गाल ढिम्म. "एवढं चिरून काय मिळालं?" असं त्यांच्या सासूबाई दर वेळी विचारायच्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी दोन बोटं गालावर ठेवली. "दाढा आवळा." जबड्याच्या कोपऱ्यात टणक गोळा आला. तो मूळचा मॅसेटर, इथंच फसायला होतं. बोटं पुढं, ओठाजवळ सरकवली. "सोडा. परत आवळा." या वेळी बोटांखाली कातडी तिरकी वर ओढली गेली, अगदी किंचित, आणि नाकाशेजारची पुसून गेलेली रेघ उमटली. मी आरसा धरला. त्यांना आधी दिसेना. तिसऱ्यांदा दिसलं.

"परत कर गं," सासूबाई उठून जवळ आल्या.

परत, परत. शेवटी मीच थांबवलं, नव्या स्नायूला दमवून चालत नाही. आता आरशासमोर दाढा आवळून हसायचं, दोन्ही बाजूंनी सारखं. हे बसलं की दाढा न आवळता. त्याला महिने जातील.

डाव्या डोळ्याचं काय, हे त्यांनी विचारलंच. या स्नायूनं भुवई उचलत नाही की पापणी मिटत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. पापणी मिटावी म्हणून तिच्यात सोन्याचं बारीकसं वजन बसवतात.

"सोनं? किती तोळं?" सासूबाईंनी विचारलं.

"ग्रॅमभराच्या आसपास, मावशी."

"मग ते बी करूया की."