पावतीऐवजी कोडची पाने

गावातल्या वाचनालयातील लिनक्स सर्व्हरला एक जुना लेझर प्रिंटर यूएसबीने जोडलेला आहे आणि विंडोजवर चालणारे चार संगणक सांबामार्फत, म्हणजे लिनक्सवरचा प्रिंटर विंडोजला वापरू देणाऱ्या प्रोग्रॅममार्फत, त्यावर छपाई करतात. गेल्या महिन्यात त्यांपैकी दोन संगणक नवे आले आणि त्यांवरून पाठवलेल्या एका पानाच्या पावतीऐवजी प्रिंटरमधून कोडने भरलेली पंधरा-वीस पाने बाहेर पडू लागली. जुन्या दोन संगणकांवरून मात्र छपाई व्यवस्थित होत होती.

अशा वेळी मी प्रथम सर्व्हरवरूनच कप्सचे, म्हणजे लिनक्समधली छपाई सांभाळणाऱ्या प्रणालीचे, चाचणीपान छापून पाहतो. ते स्वच्छ आले, म्हणजे प्रिंटर, केबल आणि कप्समधील ड्रायव्हर (काम प्रिंटरला कळेल अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम) हे तिन्ही निर्दोष ठरले. सांबा विंडोजकडून आलेले काम आधी स्वतःच्या स्पूल फोल्डरमध्ये (कामे तात्पुरती ठेवण्याच्या जागी) लिहितो आणि मगच कप्सकडे देतो. तिथे लिहिण्याची परवानगी नसेल तर काम कप्सपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून तीही तपासली. ती १७७७ होती, म्हणजे तिथे कोणालाही लिहिता येत होते; ती बरोबर होती.

मग टाकून दिलेल्या पानांपैकी पहिले पान हातात घेतले. वरच्याच ओळीत टक्क्याचे चिन्ह, उद्गारचिन्ह आणि त्यापुढे 'पीएस-अ‍ॅडोबी-३.०' असे छापलेले होते, आणि दोष कुठे आहे हे तिथेच स्पष्ट झाले. ही पोस्टस्क्रिप्ट फाइलची पहिली ओळ असते. पोस्टस्क्रिप्ट आणि पीसीएल या पान कसे छापायचे ते प्रिंटरला सांगणाऱ्या दोन वेगळ्या भाषा आहेत. या प्रिंटरला पीसीएल कळते, पोस्टस्क्रिप्ट कळत नाही. त्यामुळे तो बिचारा ती आज्ञावली साधा मजकूर समजून पानामागून पान छापत होता.

पण पोस्टस्क्रिप्ट आले कुठून? जुन्या संगणकांनी पीसीएलचा ड्रायव्हर पूर्वीच सर्व्हरवरून उतरवून घेतला होता. विंडोजच्या छपाई सेवेतली 'प्रिंटनाइटमेअर' ही सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ पासून असा ड्रायव्हर बसवण्यासाठी प्रशासकाचे अधिकार बंधनकारक केले, त्यामुळे नवे संगणक मांडणाऱ्याने विंडोजमधला तयार पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर निवडला. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदींत) बदल करून हे बंधन उठवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण एका प्रिंटरसाठी सगळ्या संगणकांची सुरक्षा सैल करणे मला अजिबात मान्य नाही.

वास्तविक, कप्सने पोस्टस्क्रिप्टचे पीसीएलमध्ये रूपांतर करून द्यायला हवे होते. मात्र सांबाच्या सेटिंगमध्ये 'कप्स ऑप्शन्स' या नावापुढे 'रॉ' असे लिहिलेले होते, म्हणजे आलेले काम जसेच्या तसे प्रिंटरकडे जात होते. जुन्या संगणकांसाठी तेच योग्य होते, कारण त्यांचे रूपांतर विंडोजमध्येच होऊन येते. ते 'रॉ' सरसकट काढले असते, तर त्यांचे पीसीएल कप्सला ओळखू न येण्याचा धोका होता.

'रॉ' हे सेटिंग प्रत्येक शेअरसाठी, म्हणजे सांबा ज्या नावाने प्रिंटर नेटवर्कवर दाखवतो त्या प्रत्येक नोंदीसाठी, वेगळे ठेवता येते, म्हणून मी त्याच प्रिंटरचे दोन शेअर केले. जुना शेअर 'रॉ'सह तसाच ठेवला, तर नव्या शेअरमध्ये 'प्रिंटर नेम' म्हणून कप्समधील तीच रांग दिली आणि 'रॉ' वगळले. टेस्टपार्म ही सांबाची सेटिंग तपासणारी आज्ञा चालवून पाहिली, सांबा पुन्हा सुरू केला आणि नव्या संगणकांवर जुना प्रिंटर काढून दुसरा शेअर जोडला. ग्रंथपालबाईंनी पावती पाठवली. एकच पान आले, आणि त्यावर वर्गणीची रक्कम आपल्या जागी होती.