जुन्या मोटरसायकलचा सायलेन्सर परत चढवताना

बेंड पाइप (इंजिनातून सायलेन्सरकडे धूर नेणारा वाकडा पाइप) आणि सायलेन्सर परत चढवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण हेडमधले, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातले, स्टड धड असतील तरच. स्टड म्हणजे पाइप धरून ठेवणारे, डोकं नसलेले बोल्ट. म्हणून नवीन पॅकिंग (सांध्यात बसणारी तांब्याची रिंग) पुडीतून काढायच्या आधी मी स्टड बघतो. तार ब्रशने गंज झाडायचा, नट हाताने फिरवून बघायचा. शेवटपर्यंत बोटाने गेला तर स्टडला हात लावायचा नाही. मध्येच अडला तर डाय (बाहेरचे आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करायचे. आटे झिजून बारीक झाले असतील किंवा स्टड मधेच कंबरेत बारीक झाला असेल, तर तो आत्ताच बदललेला बरा. असा स्टड नट आवळताना तुटतोच, आणि तुटतो तो हेडच्या अगदी लगत, पकडीला काही न ठेवता.

काढायची पद्धत नेहमीचीच: दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळायचे आणि आतल्या नटाला पाना लावून स्टड उलटा फिरवायचा. आधी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्यायचं. तरीही हलत नसेल तर जोर वाढवू नका, हेड गरम करा. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे गरम हेडमध्ये स्टडची पकड सैल होते. मात्र त्याआधी टाकी उतरवून लांब ठेवायची आणि मुरवलेलं तेल पुसून घ्यायचं. जरा पुढे, जरा मागे असं करत काढलं की आटे सोबत येत नाहीत. तुटलाच, तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल करावं लागतं. आटे नव्याने पाडायचे तर सहा एमएमच्या स्टडला ५ एमएमचं ड्रिल आणि आठच्या स्टडला ६.८ चं. ड्रिल तिरकं गेलं तर हेड खराब होतं. हात बसलेला नसेल तर हे काम लेथवाल्याकडे द्यावं.

आता पोर्ट, म्हणजे हेडमधलं धूर बाहेर पडायचं भोक. टॉर्च लावून आत बघा. जुनी तांब्याची रिंग काजळीने इतकी काळी पडलेली असते की ती पोर्टचाच भाग वाटते. ती तशीच राहिली आणि वर नवीन बसवली, तर पाइप पुरेसा आत जात नाही, फ्लँज (पाइप हेडवर दाबून धरणारी पट्टी) तिरकी बसते आणि गाडी पहिल्या दिवसापासून फुसफुसते. बारीक टोकदार हुकाने कडेने उचकटून काढायची, पोर्टमध्ये रिंग बसते त्या कडेवर ओरखडा न येऊ देता. पिस्टन वर आणून आणि पोर्टमध्ये कापडाचा बोळा कोंबून हे केलं तर कचरा सिलिंडरकडे जात नाही. बोळा काढायला विसरू नका, हे सांगावं लागतं.

तांब्याची रिंग एकदा दबली की कडक होते, परत नीट चेपत नाही. नवीन मिळत असेल तर जुनी वापरण्यात काही अर्थ नाही. नसेलच, तर लाल होईपर्यंत तापवून गार केली की तांबं पुन्हा मऊ पडतं. बसवताना रिंग खाली पडत राहते, म्हणून तिला तीन ठिकाणी ग्रीसचा ठिपका लावून चिकटवतो. ते ग्रीस पुढे जळून जातं. सिलिकॉन मात्र इथे लावू नका. पोर्टच्या तापमानात ते टिकत नाही.

आणि मग ज्यात बहुतेक जण घाई करतात ते. पाइप पोर्टमध्ये, फ्लँजखाली पाइपभोवती बसणाऱ्या अर्धगोल कॉलर असतील तर त्या जागेवर, फ्लँजचे नट फक्त बोटाने. सायलेन्सर पाइपवर सरकवायचा, क्लॅम्प (सांधा आवळणारा पट्टा) सैल, मागचा बोल्ट नुसता अडकवलेला. सगळं जागेवर आलं की पाइप हाताने हलवून बघायचा. मागचं भोक ब्रॅकेटच्या भोकासमोर आपोआप आलं पाहिजे. ओढून, रेटून बोल्ट घालावा लागत असेल तर कुठेतरी काहीतरी वाकलंय: ब्रॅकेट, पाइप, नाहीतर पूर्वी पडलेल्या गाडीचा फुटरेस्ट. तसाच आवळला तर तो ताण कायम राहतो आणि इंजिनाच्या थरथरीत आधी वेल्डिंगजवळ चीर जाते. ब्रॅकेटची भोकं थोडी लांबट करा, वॉशर घाला, रबर बुश चेपलेले असतील तर बदला. पण पाइप ओढू नका.

आवळायचं पुढून मागे. फ्लँजचे दोन नट आळीपाळीने, प्रत्येकी पाव फेरा. फ्लँज आणि हेड यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. मी ती ड्रिलच्या दांड्याने मापतो. सहा एमएमच्या स्टडला १० न्यूटन-मीटरच्या आसपास, आठच्याला २० च्या आसपास. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच खरा. आट्यांना कॉपर ग्रीस लावलं असेल तर थोडं कमीच. नट पितळी घ्या, गंजून स्टडला धरत नाहीत.

सायलेन्सरच्या तोंडाला चिरा असतात. पाइप त्या चिरांच्या पुढे आत गेलेला हवा, नाहीतर क्लॅम्प कितीही आवळा, चिरेतून धूर येणारच. क्लॅम्पचा बोल्ट असा फिरवा की पाना पोचेल आणि वळणावर जमिनीला घासणार नाही. शेवटी मागचा बोल्ट. मधले स्टँड खाली-वर करून बघा, चेन आणि ब्रेकचा दांडा कुठे लागत नाही ना तेही.

चालू करण्याआधी क्रोमवरचे बोटांचे ठसे थिनरने पुसून घ्या. तापल्यावर ते डाग कायमचे बसतात. गाडी उघड्यावर चालू करा. इंजिन गार असतानाच सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं तर गळती बुडबुड्यांनी कळते. हातमोजा घालून मागचं तोंड क्षणभर कापडाने दाबलं की फुस्स आवाज कुठून येतो तेही समजतं. गिअरमध्ये थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटत असतील, तर कार्बोरेटर उघडण्याआधी हेडचा सांधा बघा. तिथून हवा आत ओढली जाते आणि पाइपमधलं न जळलेलं पेट्रोल पेटतं. या एका गोष्टीपायी कार्बोरेटरचे किती जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांचे नळ) उगाच बदलले जातात!

पहिल्यांदा पूर्ण तापून गार झाल्यावर तांबं बसतं आणि नट किंचित ढिले पडतात. पूर्ण गार झाल्यावरच पुन्हा आवळा, त्याच क्रमाने. त्यानंतर शंभरएक किलोमीटरने परत एकदा पाना लावून बघा. फ्लँजभोवती काळी काजळी दिसली तर रिंग नीट बसलेली नाही, ती उघडावीच लागेल.