टीएलयूडी चूल अपडेट: धूर संपला, आता कोळशाचा हिशोब

तर मंडळी, चुलीचं बऱ्यापैकी जमलंय. मक्याची बुरकुंडं आणि कापसाच्या पऱ्हाट्या दोन्हींवर आता बिनधुराची जळते, भांड्याच्या बुडाला काजळी नावापुरतीच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. टीएलयूडी म्हणजे टॉप-लिट अपड्राफ्ट, वरून पेटवायची आणि हवा खालून वर जाणारी चूल. या चुलीत डबा आधीच वरपर्यंत इंधनाने भरायचा आणि पेटवायचं वरून. खालून हवा अगदी कमी मिळते त्यामुळे आच हळूहळू खाली सरकते आणि तिथला माल पूर्ण जळतच नाही, तापून नुसता गॅस सोडतो, तो गॅस वरच्या तयार कोळशातून वर येतो आणि कडेच्या भोकांतून आलेल्या गरम हवेत पेट घेतो. म्हणजे आपण भांड्याखाली बघतो ती ज्वाला गॅसची असते. १९८० च्या दशकात अमेरिकेतले टॉम रीड आणि नॉर्वेचे पॉल वेंडेल्बो, दोघं वेगवेगळे याच कल्पनेपाशी पोचले होते, आपण त्यात फक्त डबे बदलतोय :)

माझं मत आता पक्कं झालंय की चुलीच्या डिझाईनवर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मी जरी इंधनाच्या तयारीवर झाली तरी बऱ्याच जणांचा धूर थांबेल. तुकडे साधारण अंगठ्याएवढे आणि एकसारखे हवेत. बारीक भुसा आणि मोठे तुकडे मिसळले की भुसा फटी बुजवतो, हवा सोप्या वाटेने एकाच बाजूने वर जाते, आच तिकडनं आधी तळाला पोचते आणि मग दुसरी बाजू धुमसत बसते. सुटं काड तर या डब्यात टाकूच नका, एका घनमीटरमध्ये जेमतेम ५० ते १०० किलो बसतं, पेटलं की भसकन संपतं. त्याचे पेलेट (दाबून केलेल्या घट्ट गोळ्या) केले तर तेवढ्याच जागेत ६०० किलोच्या वर जातं, मग खरी मजा येते. भाताच्या तुसाचं उलटं, तो इतका दाबून बसतो की नुसत्या ओढीने हवा वर येत नाही, खालून पंखा द्यावाच लागतो.

ओलावा १५ टक्क्यांच्या आत हवा. काडी मोडली की कट्कन आवाज आला पाहिजे हा अंदाज ठीक आहे पण खात्री हवी असेल तर थोडा माल वजन करून ओव्हनमध्ये १०५ अंशाच्या आसपास ठेवा आणि वजन घटायचं थांबलं की पुन्हा तोला, सगळा हिशोब समोर येतो.

आता मुद्द्याचं. ज्वाला पिवळी-केशरी असते ती शेवटी आखडते आणि निळसर होते, म्हणजे गॅस संपला, आता कोळसा जळायला लागला. इथे थांबायचं की पुढे जाळायचं हा खरा निर्णय. थांबलात तर मूळ वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के कोळसा हातात येतो. ऐकायला कमी वाटतं पण गणित करा, १ किलो सुक्या मालात अंदाजे १६ मेगाज्यूल ऊर्जा, त्यातून निघालेल्या २२० ग्रॅम कोळशात जवळपास ६. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त ऊर्जा डब्याच्या तळाशी पडून राहिली! चुलीची कार्यक्षमता सांगताना हा कोळसा धरलाय का नाही ते आधी विचारा, नाहीतर दोन चुलींची तुलनाच होत नाही.

मी सध्या मालाप्रमाणे वाटणी करतोय. बुरकुंडांच्या कोळशात राख कमी असते, तो कुटून, साधारण ५ टक्के स्टार्चची खळ घालून, दाबून कांड्या करायच्या, सावलीत सावकाश वाळवायच्या, घाईने उन्हात टाकल्या की तडकतात. खळीऐवजी माती वापरता येते पण मग राख वाढते, मला ते पटत नाही. तुसाचं मात्र वेगळं, त्याच्या मूळ वजनातच २० टक्क्यांच्या आसपास राख, तीही बहुतेक सगळी सिलिका, त्यामुळे त्याचा कोळसा निम्मा तर राखच असतो. जाळायला फालतू, मातीत घालायला चांगला. तुसाची राख किंवा कोळसा हाताळताना मास्क लावा, ती धूळ फुप्फुसांना वाईट.

मातीत घालायचा कोळसाही तसाच कोरा टाकू नका, तो सुरुवातीला आजूबाजूचा नायट्रोजन धरून ठेवतो. कंपोस्टमध्ये किंवा बायोगॅसच्या स्लरीत काही आठवडे मुरू द्या. आणि तो अल्कधर्मी असतो, माती आधीच तशी असेल तर हात आखडता घ्या.

दोन इशारे. कोळसा चुलीतून काढला की घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात बंद करा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय पोत्यात भरू नका, वरून थंड वाटणारा ढीग आतून पुन्हा पेटतो. आणि कांड्यांना धूर नाही म्हणून बंद खोलीत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

काहीजण वूड व्हिनेगरचं (लाकूड तापवताना निघणाऱ्या वाफेपासून मिळणारं आंबट पाणी) विचारत होते. या चुलीतून ते निघणार नाही कारण जी वाफ थंड करून व्हिनेगर मिळतं तीच इथे ज्वाला होऊन जळते. त्यासाठी बंद ड्रम आणि लांब पाइप असा वेगळा रिटॉर्ट लागतो, शिवाय जमलेलं पाणी बरेच दिवस स्थिर ठेवून डांबर वेगळं करावं लागतं. ते मी तूर्तास बाजूला ठेवलंय. पुढचं काम तुसासाठी पंख्याचं, कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा आणि स्पीड रेग्युलेटर लावून बघतोय, हवा वाढवली की आच जोरात पण कोळसा कमी, तर नेमका मधला पॉइंट कुठे सापडतो ते बघायचंय. कुणी आधी केलं असेल तर पंखा किती व्होल्टवर चालवलात आणि डब्याचा व्यास किती होता तेवढं सांगा.