पाणी भरपूर, तिजोरी रिकामी: शिकागोत राहण्याबद्दल

आमच्या ग्रुपमध्ये सध्या टेक्सासला जायची साथच आलीये. कोणाला डॅलसला जॉब मिळतो, कोणी डॅलसजवळच्या फ्रिस्कोला घर बुक करतं, मग निरोपाचं पॉटलक, त्यात कोणी भरली वांगी आणतं, कोणी ऐनवेळी पिझ्झा मागवतं, आणि जाणारा माणूस आम्हा मागे राहणाऱ्यांना न चुकता सांगतो की तुम्ही पण विचार करा, शिकागोत आता काही राहिलं नाही. तिकडे लातूरहून मावशीचं वेगळंच, तिने टीव्हीवर इथला गोळीबार बघितलेला असतो, त्यामुळे "दिवे लागायच्या आत घरी येत जा गं" हे प्रत्येक फोनवर ठरलेलं. दोघांनाही व्हॉट्सॲपवर उत्तर देऊन दमले म्हणून इथे लांबलचक लिहितेय.

आधी गोळीबाराचं उरकते. २०२१ मध्ये शहरात ८०० च्या आसपास खून झाले होते, २०२५ मध्ये तो आकडा जवळपास निम्म्यावर आला, १९६५ नंतर इतका खाली कधी नव्हता. म्हणजे मावशी टीव्हीवर बघते ते खोटं नाही पण जुनं आहे. आणि अख्खं शहर कधीच तसं नव्हतं, जे होतं ते साऊथ आणि वेस्ट साईडच्या ठराविक वस्त्यांत, तिथल्याच लोकांच्या वाट्याला. मी शहराच्या उत्तर टोकाला रॉजर्स पार्कात राहते, देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूपासून जवळ, रात्री ट्रेनने येते, फोन खिशात ठेवते, डोळे उघडे ठेवते, बस्स.

शिकागो रिकामं होतंय म्हणणाऱ्यांनी एक बघावं की नेमकं कोण गेलं. १९५० ला इथे ३६ लाख माणसं होती, २०२० च्या जनगणनेत साडेसत्तावीस लाखांच्या जरा आत. अलीकडच्या चाळीस वर्षांत सगळ्यात जास्त गेले ते काळे लोक, १९८० ला जवळपास १२ लाख होते ते २०२० मध्ये ८ लाखांच्या खाली. साऊथ साईडची स्टील मिल १९९२ ला बंद झाली, अशा एकेक करत बऱ्याच झाल्या, २०१३ मध्ये शहराने एका झटक्यात ५० च्या आसपास शाळा बंद केल्या, बहुतेक याच वस्त्यांतल्या. आपले सॉफ्टवेअरवाले फ्रिस्कोला गेले तर चर्चा आपल्या पॉटलकपुरती होते हो, तिकडे मात्र गल्लीच्या गल्ली ओस पडलीये, दोन घरांच्या मधे मोकळं गवत. शहराचं भविष्य काय, या प्रश्नाला तिथलं उत्तर वेगळं येणार आणि माझ्या गल्लीतलं वेगळं, हे आधीच सांगून ठेवते.

आता पाणी. इथे मी जरा रेंगाळणार, लातूरच्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करता?

२०१६ आठवतंय ना, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं, त्याच्या आधी पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती, पाण्यासाठी जमावबंदी! तेव्हा मी इथे होते, आई फोनवर टँकरच्या नंबराचं बोलायची आणि माझ्या ऑफिसच्या खिडकीतून लेक मिशिगन दिसायचं. हे तळं केवढं आहे सांगू, अठ्ठावन्न हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपेक्षा थोडंसंच लहान, आणि सगळं गोडं पाणी. अशी पाच तळी एकमेकांना लागून, जगात बर्फ सोडून जमिनीवर जेवढं गोडं पाणी आहे त्यातला साधारण पाचवा हिस्सा या पाचांत. किनाऱ्यापासून दोन-अडीच मैल आत पाणी उचलतात, बोगद्याने नेव्ही पिअरच्या शेजारच्या प्लांटमध्ये येतं आणि तिथून घराघरात. बिल येतं पण "आज पाणी येणार नाही" असं कोणी सांगत नाही.

हे आयतं मिळालेलं नाहीये बरं का. एकोणिसाव्या शतकात शहराची सगळी घाण नदीत, नदी तळ्यात आणि तळ्यातूनच पिण्याचं पाणी, मग कॉलरा-टायफॉईड होणारच. तर या लोकांनी २८ मैलांचा कालवा खणून १९०० साली नदीच उलटी फिरवली, घाण तळ्यात न जाता मिसिसिपीकडे. खालच्या सेंट लुईसवाल्यांना अर्थातच राग आला, मिझुरी राज्य सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९०६ मध्ये हरलं. नंतर मात्र शिकागोने तळ्यातून किती पाणी घ्यायचं याची मर्यादा कोर्टानेच घालून दिली, आणि २००८ मध्ये तळ्यांभोवतीच्या आठ राज्यांचा करार झाला की या खोऱ्याबाहेर पाणी न्यायचं नाही, अगदीच थोडे अपवाद सोडून. मला हा करार सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिकडे ॲरिझोना-नेवाडावाले कोलोरॅडो नदीच्या वाटपावरून भांडतायत, पण उद्या त्यांनी ठरवलं की लेक मिशिगनवरून पाईप टाकू, तर जमणार नाही. पुढच्या पन्नास वर्षांत अमेरिकेत माणसं पाण्याच्या मागे परत उत्तरेला येणार असं माझं आपलं मत, पुरावा मागू नका.

पण थांबा, तळं स्वच्छ, प्लांट चांगला, आणि घराजवळच्या शेवटच्या काही फुटांत शिसं! अमेरिकेत शिशाचे नळ सगळ्यात जास्त कुठे असतील तर ते शिकागोत, चार लाखांच्या घरात जोडण्या. शहराच्या नियमातच होतं की मेन लाईनपासून घरापर्यंत शिशाचाच पाईप घाला, १९८६ मध्ये केंद्राने बंदी घातली तेव्हा कुठे थांबलं. आता बदलायचं काम चालू आहे पण गोगलगायीच्या गतीने. आमच्याकडे फिल्टर आहे आणि सकाळी पहिलं पाणी थोडा वेळ सोडून देतो. लातूरची मुलगी पाणी वाहू देते, आईसमोर कधी केलं नाही.

हवामानाचं म्हणाल तर थंडी आहे, नाही कशाला म्हणू, २०१९ च्या जानेवारीत उणे तीस सेल्सिअस झालं होतं, डोळ्यातलं पाणी पापणीवर गोठतं. पण थंडीला कोट आहे, हीटर आहे. हरिकेन नाही, भूकंप जवळजवळ नाही. अर्थात अगदी सुटका नाहीच, २०२३ च्या जूनमध्ये कॅनडाच्या वणव्यांचा धूर आला आणि एक दिवस शिकागोची हवा जगातल्या मोठ्या शहरांत सगळ्यात वाईट होती, दिल्लीचा मित्र फोन करून हसला. आणि १९९५ च्या जुलैमधल्या उष्णतेच्या लाटेत ७३९ माणसं गेली, बरीचशी एकटी राहणारी म्हातारी माणसं, बंद खिडक्यांच्या खोल्यांत. थंडीचं शहर म्हणून उन्हाची तयारीच नव्हती. बाकी जोराचा पाऊस आला की बेसमेंटमध्ये गटाराचं पाणी येतं, त्यासाठी १९७५ पासून जमिनीखाली १०९ मैलांचे बोगदे खणले, पाणी साठवायला खाणींएवढे हौद केले, तरी येतंच.

आता तिजोरी. इथे मात्र माझा आवाज चढतो.

२००८ च्या डिसेंबरमध्ये, मंदी चालू असताना, महापौर रिचर्ड डेली यांनी शहराचे सगळे पार्किंग मीटर, जवळपास ३६ हजार, एका खाजगी कंपनीला ७५ वर्षांसाठी देऊन टाकले, ११५ कोटी डॉलरला. जाहीर केलं आणि दोन दिवसांत सिटी कौन्सिलने ४० विरुद्ध ५ मतांनी मंजूर, कागद कोणी वाचले असतील तेच जाणोत. मागे मॉर्गन स्टॅन्ली, भागीदारांमध्ये अबुधाबीचा सरकारी फंड. पुढच्याच वर्षी शहराच्या स्वतःच्या इन्स्पेक्टर जनरलने (म्हणजे पालिकेचा कारभार तपासणाऱ्या अधिकाऱ्याने) हिशोब मांडला की निदान ९७ कोटी डॉलर कमी घेतलेत. आलेले पैसे डेलींनी दोन-तीन वर्षांत बजेटची भोकं बुजवायला संपवले, कंपनीचे पैसे केव्हाच वसूल झाले, आणि करार २०८३ पर्यंत चालणार. माझी मुलगी म्हातारी होईल तोवर शिकागोच्या रस्त्यावर गाडी लावायचे पैसे तिच्या शहराला जाणार नाहीत. लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागात, तासाला सात डॉलरच्या आसपास पडतात. बरं, यातला खरा त्रास वेगळाच आहे. जत्रेसाठी रस्ता बंद केला, सायकलची लेन काढली, मीटरची जागा गेली, की शहराने कंपनीला भरपाई द्यायची. आपल्याच रस्त्यावर बदल करायचा तर भाडं! त्याच्या आधी २००५ मध्ये स्कायवे नावाचा टोल रस्ता ९९ वर्षांसाठी दिला होता, १८३ कोटींना. घरातलं किडुकमिडुक विकून किराणा भरायचा हा प्रकार आहे.

आणि हे सगळं कशामुळे, तर पेन्शन. पोलीस, अग्निशमन, मजूर आणि बाकीचे पालिका कर्मचारी अशा चार फंडांत मिळून ३५ अब्ज डॉलरच्या वर खड्डा आहे. कित्येक वर्षं पालिकेने भरायला हवे होते तेवढे पैसे भरलेच नाहीत, आणि आमच्या इलिनॉय राज्याच्या १९७० च्या घटनेत लिहिलंय की कबूल केलेलं पेन्शन कमी करता येणार नाही. दोन-तीनदा प्रयत्न झाले, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने उडवून लावले. मला विचाराल तर कोर्टाचं बरोबरच होतं, माणसाने तीस वर्षं बर्फ उपसला तो तुमच्या शब्दावर. पण पैसे कुठून आणणार? २०१५ मध्ये महापौर रॅम इमॅन्युएल यांनी प्रॉपर्टी टॅक्स टप्प्याटप्प्याने ५८.८ कोटी डॉलरने वाढवायचं मंजूर करून घेतलं. घराच्या किमतीच्या साधारण दोन टक्के दरसाल, कुठे जास्त कुठे कमी, वर सेल्स टॅक्स दहा टक्क्यांच्या वर. टेक्सासवाले इथे हसतात, पण प्रॉपर्टी टॅक्स त्यांच्याकडेही तगडा आहे हे निरोपाच्या पॉटलकमध्ये कोणी सांगत नाही.

मोठ्या कंपन्या गेल्या हे खरंय, २०२२ या एका वर्षात बोईंगने हेड ऑफिस व्हर्जिनियाला नेलं, सिटाडेल ही गुंतवणूक कंपनी मायामीला गेली, कॅटरपिलर उपनगरातून टेक्सासला. पण शिकागो एका धंद्यावर कधीच जगलं नाही, मोटारींच्या डेट्रॉईटसारखं एक इंजिन बंद पडलं की सगळी गाडी थांबली असं इथे होत नाही. बाजार, रेल्वे, हॉस्पिटलं, विद्यापीठं, विमा, खाद्यपदार्थ, सगळं थोडं थोडं. त्या बंद पडलेल्या स्टील मिलच्या जागेवर आता क्वांटम कॉम्प्युटरचा पार्क उभा राहतोय. आजूबाजूच्या लोकांना त्यात नोकरी मिळेल का, याबद्दल मी फार आशेवर नाही.

जगायला मात्र शहर झकास आहे. गाडी नसली तरी चालतं, असं म्हणता येणारी अमेरिकेतली शहरं किती? एल ट्रेन खडखडते, उशिरा येते, डब्यात कोणी सिगरेट ओढतं, तरी येते. मधे तिच्याच पैशांचा प्रश्न होता, फेऱ्या कापायची वेळ आली होती, शेवटी २०२५ च्या ऑक्टोबरच्या अखेरीला राज्याच्या विधिमंडळाने रात्री उशिरा बसून पैशांची सोय केली, तहान लागली की विहीर खणायची इथल्या नेत्यांना सवयच आहे. तळ्याचा किनारा जवळजवळ सगळा लोकांसाठी खुला आहे, १८ मैलांचा चालायचा-सायकलचा रस्ता, कोणा बिल्डरची भिंत नाही. घरं न्यूयॉर्क-सॅन फ्रान्सिस्कोच्या मानाने अजून आवाक्यात. महाराष्ट्र मंडळ १९६९ पासूनचं, गणपती, दिवाळी, नाटकं सगळं होतं. फक्त मराठी माणूस बहुतेक नेपरविल-शॉमबर्गकडे राहतो, आम्ही शहरवाले म्हणजे जरा विचित्र समजले जातो. शेजाऱ्यांचं पण एक सांगते. बर्फ पडला की जो आपली पार्किंगची जागा खोऱ्याने उपसतो तो तिथे मोडकी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, काहीही ठेवतो आणि ती जागा त्याची. त्याला डिब्स म्हणतात. कायद्याने चालत नाही, पण खुर्ची हलवायची कोणाची टाप नाही.

तर आम्ही राहतोय. पेन्शनचं बिल आमच्याच माथी येणार हे माहीत असून राहतोय, कारण ते बिल पैशाचं आहे, आणि पैशाचा प्रश्न माणसं भांडून, टॅक्स वाढवून, थोडं रडून सोडवू शकतात. कोरड्या नदीशी भांडता येत नाही. नवऱ्याला हे पटत नाही, त्याला निवृत्तीनंतर ऊन पाहिजे, बघू.

आता नजर जोलिएटवर आहे. शिकागोपासून चाळीसेक मैलांवरचं गाव, भूजल उपसून उपसून संपत आलंय, म्हणून २०३० पासून ते आणि शेजारची काही गावं शिकागोकडून लेक मिशिगनचं पाणी विकत घेणार (कोर्टाने ठरवून दिलेल्या इलिनॉयच्या वाट्यातलं, म्हणून वरच्या कराराआड येत नाही), लांब मुदतीचा करारही झालाय. या वेळी तरी शहर असं काही विकतंय जे विकून संपत नाही आणि ज्याचे पैसे दरवर्षी येणार. निदान या करारात तरी आमच्या नगरसेवकांनी कागद उघडून, चष्मा लावून, प्रत्येक पान वाचलं असेल एवढीच अपेक्षा. दोन दिवसांत उरकलं नसेल म्हणजे झालं.