डून एंगसचा एक दगड

रॉसाव्हीलच्या धक्क्यावर बोट सुटण्याआधी मळमळीची गोळी कोणाची राहिली, हे बघणं टूर मॅनेजरच्या कामात इतिहास सांगण्याइतकंच महत्त्वाचं. चाळीसेक मिनिटांत आयर्लंडचं इनिश मोर बेट येतं. किलरोनन बंदरातून मिनीबसने किलमर्वी, आणि तिथून डून एंगस या प्राचीन दगडी किल्ल्यापर्यंत किलोमीटरभर खडकाळ चढ. आमच्या छापील कार्यक्रमात त्याचा उल्लेख फक्त ‘किल्लादर्शन’. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला हे आधी कळायला नको? ऑफिसात बसणाऱ्यांना ते पटवून मी थकले.

डून एंगस अटलांटिकवरच्या सुमारे १०० मीटर उंच कड्यावर आहे. एकाबाहेर एक अर्धवर्तुळाकार तट, आणि समुद्राच्या बाजूला नुसता कडा. पहिली तटबंदी इ.स.पू. ११००च्या सुमाराची, पुढच्या शतकांत वाढवलेली. काठाला कठडा नाही. वारा समुद्राकडून असेल तर निदान माणसं मागे ढकलली जातात. जमिनीकडून असेल तर मी कोणालाही काठावर उभं राहू देत नाही. खाली बघायचंच तर पालथं पडून. त्या दिवशी वारा जमिनीकडून होता, त्यामुळे माझी नजर काठावरून हलत नव्हती.

तिकडे देवगडकडचे एक काका तटापाशी बाकीच्यांना गोळा करून बसले होते. कलमांच्या बागेचे गडगे, म्हणजे नुसत्या दगडांची कुंपणं, रचण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. “चुना नाही, माती नाही. एक दगड दोघांवर बसवलाय, सांधा सरळ खाली येऊ दिलेला नाही. हा आमचा गडगाच!” मी सनावळ्या सांगताना मोबाइल बघणारी माणसं आता दगडांना हात लावून बघत होती. मला फार बरं वाटलं.

खाली उतरल्यावर काकांच्या पिशवीत तळहाताएवढा चपटा चुनखडक दिसला. तटाच्या पायथ्याशी सुटा पडला होता म्हणे, घरच्या गडग्यात बसवायचा होता. मी ग्रुपला चहाला बसवलं आणि काकांना घेऊन पुन्हा वर गेले. परतीच्या बोटीची धाकधूक होतीच.

तिथल्या कर्मचारी बाईंनी दंडाची भाषा केली नाही. फक्त विचारलं, नेमका कुठून उचलला? काकांना जागा दाखवता येईना. १९९२ ते ९५च्या उत्खननात इथे शिंपले सापडले, ब्राँझ ओतायच्या मातीच्या साच्यांचे तुकडे सापडले. कोणत्या थरात काय मिळालं, यावरूनच किल्ल्याचं वय उलगडलं. पडलेल्या दगडाचंही तेच, भिंत कुठे आणि कशी ढासळली ते तो सांगतो. बाईंनी तो बाजूला ठेवून घेतला.

उतरताना काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “१८८०च्या दशकात सरकारने हे तट पुन्हा रचले, टेकू दिले, असं तुम्हीच सांगितलंत ना? तेव्हा कुठला दगड कुठला, हे कोणी लिहून ठेवलं होतं?”

“ते भिंत पडू नये म्हणून होतं, काका.”

“मीपण भिंतीतच बसवणार होतो.”

दगड परत करायला लावला ते योग्यच केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जुनी रचना कुठे संपते आणि दुरुस्ती कुठे सुरू होते, हे मला आजही प्रवाशांना नीट दाखवता येत नाही, आणि तिथे उभी राहिले की काकांचा प्रश्न आठवतो.