तुम्ही विचारलंत म्हणून: एकमेकांना खोडणारे आम्ही एका टेबलावर कसे बसतो

गोव्यातून मराठीत राजकारण आणि संरक्षण या विषयांवर स्वतंत्रपणे लिहिणारी आम्ही काही माणसं आहोत. आम्हाला एक प्रश्न सतत विचारला जातो. तुमच्यात एक जण विलीनीकरणवाद्यांच्या, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणणाऱ्यांच्या घरातला, एक ‘दोन पानां’च्या, म्हणजे गोवा वेगळा राहावा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा. एक नौदलातून निवृत्त झालेला, तर एक नौदलाने दाबोळीची जमीन सोडावी म्हणून वर्षानुवर्षं लिहिणारा. तरी तुम्ही नियमित भेटता, एकमेकांचं वाचता. भांडत नाही का?

भांडतो. आवाज चढतात, कोणी उठून बाहेरही जातं. पण आमची मैत्री मतं जुळण्यावर कधीच उभी नव्हती. ती उभी आहे एका कष्टाच्या, कंटाळवाण्या कामावर: दुसऱ्याचा मजकूर लोकांसमोर जाण्याआधी बारकाईने वाचून देणं. तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या तालुक्यात असा गट करू पाहतात, म्हणून हे काम कसं चालतं ते नीट सांगतो.

प्रत्येक मजकूर आधी दोघांकडे जातो. एक त्या विषयातला जाणकार, दुसरा विरुद्ध मताचा. जाणकार तपशील तपासतो. विरुद्ध मताच्या वाचकाला तीनच गोष्टींवर बोट ठेवता येतं: चुकलेला आकडा किंवा तारीख, सांगायची राहिलेली महत्त्वाची गोष्ट, आणि आकड्याला चिकटवलेलं विशेषण. ‘तुझा निष्कर्ष बदल’ असं त्याने म्हणायचं नाही. साध्या मजकुराला एक दिवस, आकडेवारीच्या मजकुराला तीन दिवस. त्यात उत्तर आलं नाही तर लेखक दुसरा वाचक शोधायला मोकळा. तपासणीच्या नावाखाली मजकूर दाबून ठेवण्याइतका मोठा अपराध आमच्यात दुसरा नाही.

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावरच्या जनमत कौलाचंच घ्या. विलीनीकरणाची खूण फूल होती, वेगळं राहण्याची दोन पानं. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. एका बाजूचा लेखक लिहितो ‘थोडक्यात हुकलं’, दुसऱ्या बाजूचा लिहितो ‘गोव्याने साफ झिडकारलं’. दोघांपुढे आकडे तेच. वाचणारा ते विशेषण खोडतो आणि तिथे फरकाचा आकडा लिहितो. गोव्यात अजून कित्येक घरांत फूल आणि दोन पानं म्हटलं की आजोबांची आठवण निघते. अशा घरातल्या वाचकाला आकडा पचतो, दुसऱ्याच्या तोंडचं विशेषण पचत नाही.

डिसेंबर १९६१ वर, म्हणजे गोवा पोर्तुगिजांकडून मुक्त करणाऱ्या भारतीय लष्करी कारवाईवर लिहिताना तर हे काम दुप्पट होतं. दर मुक्तिदिनाला ‘३६ तासांची कारवाई’ असं लिहिलं जातं आणि दुसरा कोणीतरी ४० म्हणतो. वाद घड्याळ कुठून लावायचं याचा असतो. त्यामुळे तासांची बेरीज न देता सुरुवात आणि शेवट द्यावा: १८ डिसेंबरच्या पहाटे फौजा पुढे सरकल्या, १९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा याने शरणागती दिली. मृतांच्या आकड्यांत याहून जास्त गोंधळ. लष्कर आणि नौदलाचे जवान एकत्र मोजलेत की वेगळे, हे न सांगता आकडा दिला की तो पुढच्या लेखात आणखी बिघडतो. अंजदीव बेटावर नौदलाचे ७ जण धारातीर्थी पडले. हा आकडा एकूण आकड्यात धरलाय का, हा आमचा पहिला प्रश्न असतो. तीच गोष्ट ‘अफोंसो द आल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेची. ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या भारतीय युद्धनौकांच्या माऱ्यानंतर ‘बुडवली’ असं सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात जखमी नौका दोनापावलाजवळ किनाऱ्याला लावली गेली. बुडवणं आणि किनाऱ्याला लावणं यांत फरक आहे, आणि नौदलातला वाचक तो सोडत नाही.

आता सुरक्षेचं. इथे आम्ही सगळ्यात कडक आहोत आणि त्याचा मला अभिमान आहे. गोव्यात दाबोळीला ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ, वास्कोला गोवा शिपयार्ड, वेरेंला नौदलाचं युद्ध महाविद्यालय, आणि सीमा ओलांडली की कारवारचा मोठा तळ. बोगमाळ्याच्या रस्त्यावर उभं राहिलेल्या कोणालाही मिग-२९के हे लढाऊ विमान किंवा पी-८आय हे टेहळणी विमान उडताना दिसतं. दिसतं म्हणून लिहायचं, हा मोह प्रत्येक नव्या लेखकाला होतो.

नियम असा: नौका, विमान किंवा तुकडी आत्ता कुठे आहे, कुठे निघाली आहे, किती आहेत, हे लिहायचं नाही. अधिकृत माहिती आल्यावर लिहायचं. २००८च्या मुंबई हल्ल्यात थेट प्रक्षेपणाने काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एप्रिल २०२५मध्ये केंद्र सरकारने माध्यमांना संरक्षण कारवायांचं थेट वार्तांकन टाळायला सांगितलं, तेव्हा त्याचाही दाखला दिला होता. शिवाय १९२३चा सरकारी गुपितांचा कायदा सगळ्यांना लागू आहे, घरबसल्या लिहिणाऱ्यालाही.

या एकाच बाबतीत सैन्यदलांतून निवृत्त झालेल्या वाचकाला मजकूर पूर्ण थांबवण्याचा अधिकार आहे. मतदान नाही, चर्चा नाही. आणि त्याने कारण सांगायचं नाही, कारण कित्येकदा कारणातूनच जे लपवायचं ते उघड होतं. लेखकाला हे फार लागतं. आठवडाभर खपून लिहिलेलं कोणी एका ओळीत थांबवावं आणि का तेही सांगू नये! म्हणून जोडीला दुसरा नियम आहे: ज्याने थांबवलं त्याने त्या विषयावर स्वतःही लिहायचं नाही, मूळ लेखकाचा मजकूर बाहेर येईपर्यंत. या दुसऱ्या नियमाशिवाय पहिला टिकला नसता.

फोटोंचं काम नव्या मुलांकडे असतं आणि ती ते उत्तम करतात. फोटोत दडलेली जागा आणि वेळेची माहिती काढून टाकणं, गणवेशावरची नावपट्टी झाकणं, नौदलाच्या वसाहतीतली घरं, गाड्यांचे क्रमांक, शाळेच्या बस फोटोत आल्या असतील तर ते कापणं. जवानाच्या कुटुंबाने स्वतः समाजमाध्यमावर टाकलेला फोटोसुद्धा आम्ही उचलत नाही.

उपग्रह छायाचित्रांवरून लिहिणारे हल्ली वाढलेत. त्यांच्या मजकुरात चूक बहुतेक वेळा हिशोबाची असते. युरोपच्या सेंटिनेल-२ची मोफत चित्रं सगळे वापरतात. त्यात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका २६२ मीटर लांब, म्हणजे साधारण २६ ठिपके. ती ओळखता येते. मिग-२९के सुमारे १७ मीटर, म्हणजे जेमतेम दोन ठिपके. दोन ठिपक्यांवरून विमानाचा प्रकार सांगणारा मजकूर आला की जाणकार तो परत पाठवतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढगच इतके की ही चित्रं बहुधा पांढरी येतात. मग लोक जुनं चित्र ताजं समजून वापरतात. चित्राची तारीख मजकुरातच लिहावी.

नोटॅम, म्हणजे हवाई क्षेत्राविषयीच्या सूचना, वाचतानाही हेच होतं. त्यातली वेळ दहा अंकांत असते: वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिटं, प्रत्येकी दोन अंक. आणि ती जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे. २५१२१८१९३० हा आकडा १८ डिसेंबर २०२५, रात्री साडेसातचा वाटतो. आपल्या घड्याळात तो १९ डिसेंबरची रात्री एकची वेळ दाखवतो. सूचनेतल्या संध्याकाळी साडेसहानंतरच्या प्रत्येक वेळेला तारीख बदलते, आणि तिथेच माणसं फसतात. दुसरं म्हणजे सूचना निघाली म्हणून क्षेपणास्त्र चाचणी होतेच असं नाही. मुदत वाढते, सूचना रद्द होते. ‘होणार’ असं लिहू नये. ‘क्षेत्र राखून ठेवलंय’ एवढंच लिहावं.

निवडणुकांबद्दल थोडक्यात. मतमोजणीनंतर मतदान केंद्रनिहाय आकडे ‘नमुना २०’ या अधिकृत निकालपत्रकात मिळतात; वर्तमानपत्रातल्या बेरजा त्यावरून ताडून घ्याव्यात. गोव्यात जागा ४० आणि मतदारसंघ लहान. २०२२मध्ये सांतआंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. इथे ‘लाट’ हा शब्द जपून वापरावा. संख्याबळ लिहिताना तारीख हवीच: मार्च २०२२च्या निकालात काँग्रेसचे ११ आमदार होते, १४ सप्टेंबर २०२२ला त्यातले ८ भाजपमध्ये गेले. तारखेशिवाय दोन्ही आकडे वाचकाला फसवतात. आणखी एक गोष्ट फार मनापासून सांगतो. लहान मतदान केंद्राचे आकडे घेऊन ‘अमुक वाड्याने अमुक पक्षाला मतं दिली’ असं लिहू नका. गोव्यातला वाडा म्हणजे मोजकी घरं. गुप्त मतदानाचा अर्थच संपतो आणि पंचायतीत त्या घरांना त्रास होतो. आमच्यातले सगळ्यात आक्रमक लेखकही ही रेषा ओलांडत नाहीत.

मैत्री खरी कशाने मोडते? विचारसरणीवरून गट सोडून जाणारे फार थोडे. मोडते ती दुसऱ्याने शोधलेली माहिती आपली म्हणून छापल्याने. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, उत्तराची मुदत ३० दिवस. पण योग्य प्रश्न विचारणं, अपील करणं, कागद सोडवून आणणं यात माणसाचे महिने जातात. त्यामुळे मिळालेलं उत्तर सामायिक संग्रहात येतं, पण पहिले सात दिवस ते अर्जदाराचं. त्यानंतर कोणीही वापरावं, अर्ज कोणी केला होता हे लिहून. अर्जदाराला नाव नको असेल तर ‘एका सहकाऱ्याच्या अर्जाला मिळालेल्या उत्तरानुसार’ एवढं तरी हवंच.

चूक सापडली तर आधी फोन. संदेश नको, चारचौघांत तर नकोच. लिखित शब्दाला सूर नसतो. ‘हे चुकलंय’ हे दोन शब्द वाचणाऱ्याला चापट वाटतात. फोन केल्यावर लेखकाने २४ तासांत दुरुस्ती करावी, मजकुराच्या वरच्या भागात, तारखेसह, आधी काय होतं आणि आता काय आहे ते लिहून. गुपचूप बदल केला की जुन्या मजकुराचं छायाचित्र कोणाकडे तरी निघतंच, आणि मग साध्या चुकीवरून लबाडीचा आरोप होतो. निवृत्त अधिकाऱ्यांना आम्ही ‘सर’ म्हणतो, म्हणणारच. पण त्यांच्या मजकुरातली चूक कॉलेजातल्या मुलीने दाखवली तर दुरुस्ती तितक्याच वेळात आणि तितक्याच ठळकपणे होते.

धमकी किंवा कायदेशीर नोटीस आली की कामं वाटून घ्यायची. एक जण संदेशांची छायाचित्रं पत्ता आणि वेळेसह जमवतो. एक जण वकिलाशी बोलतो. लेखकाने एक दिवस काहीही लिहायचं नाही आणि काहीही पुसायचं नाही. पुसलेला मजकूर कबुलीसारखा दिसतो. नोटिशीतलं कलम आधी वाचा. ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराबद्दल शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं, तरी लोक अजून त्याची भीती घालतात. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. लेखिका असेल तर येणारे संदेश तिने स्वतः वाचायचे नाहीत. दुसरी सहकारी ते चाळते आणि कामाचे तेवढे पुढे देते. जाहीर पाठिंब्याचा पहिला मजकूर मात्र तिच्या मताच्या विरोधकाने लिहायचा. मित्राने बाजू घेतली तर कोणाला काही वाटत नाही. कालपर्यंत जो तिला खोडत होता तो उभा राहिला की त्रास देणारे थबकतात.

भेटीबद्दल. पेडणे ते काणकोण अंतर एका संध्याकाळचं नाही, म्हणून जागा फिरती ठेवावी: म्हापसा, फोंडा, मडगाव. जुनी वर्तमानपत्रं चाळायची असतील तेव्हा पणजीत पाट्ट्यावरचं कृष्णदास शामा ग्रंथालय. बोलणं कोंकणीत, लिहिणं मराठीत, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. आधी दुरुस्त्या आणि राहिलेली देणी-घेणी, नंतर भाजीपाव, आणि वाद त्यानंतर. उलट क्रम केला तर दुरुस्त्या राहून जातात.

गटात यायचं असेल त्यांच्यासाठी पहिलं काम ठरलेलं आहे. आमच्यापैकी ज्याचं मत तुम्हाला सगळ्यात खटकतं त्याचा एक जुना मजकूर घ्या. त्यातले दहा आकडे आणि तारखा मूळ कागदावरून तपासा. बरोबर किती, चूक किती, प्रत्येकाचा आधार काय, हे एका पानावर लिहा आणि त्यालाच फोन करा.