बँकॉकची एक रात्र, दोन विमानांच्या मध्ये

बँकॉकला रात्रीचा लांब लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला थांबा मिळाला, तर राजवाडा आणि मोठमोठ्या देवळांची यादी घेऊन बाहेर पडू नका. ते सगळं संध्याकाळीच बंद होतं. रात्री शहराचा जो भाग जागा असतो, त्यात शिरायचं. बँकॉकमध्ये असे दोन भाग एकमेकांना लागूनच आहेत: याओवारात म्हणजे तिथलं चायनाटाऊन, आणि तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटांवरचा पाक ख्लोंग तलात, फुलांचा घाऊक बाजार.

आम्ही पाच जण, सगळे कोल्हापूरचे, कॉलेजपासूनचे. मुंबईहून हनोईला निघालो होतो. विमान रात्री आठच्या सुमाराला सुवर्णभूमी विमानतळावर उतरणार आणि पुढचं दुसऱ्या दिवशी अकराला. हॉटेल घेऊन झोपावं असं दोघांचं मत होतं. पण उदयच्या घरचा हारांचा धंदा आहे महाद्वार रोडला, त्याच्या डोक्यात एकच. "झोप काय, कोल्हापुरात बी मिळती. रात्रीचा फुलबाजार बघायला पुन्हा कोण येणार हाय का?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

आधी कागदपत्रं. आम्ही गेलो तेव्हा भारतीय पासपोर्टला थायलंडमध्ये व्हिसा लागत नव्हता. हा नियम बदलत असतो, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघूनच घ्या. 1 मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं आहे. ते पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, आणि ते फुकट असतं. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की बंद करा. पुढच्या विमानाचं तिकीट छापून जवळ ठेवा. आणि ई-सिगारेट कुणाच्या बॅगेत असेल तर ती घरीच ठेवायला सांगा, थायलंडमध्ये तिच्यावर बंदी आहे.

सामानाचं असं: दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर मुंबईच्या काउंटरलाच विचारा, बॅगा थेट पुढे जातात का. तिकिटं वेगळी असतील तर बॅगा घेऊन विमानतळावरच्या लेफ्ट लगेजमध्ये टाकायच्या. पाठीवर छोटी सॅक, त्यात पासपोर्ट, पॉवर बँक, पाणी, आणि मे ते ऑक्टोबर असेल तर रेनकोट. एवढंच. पायात बंद बूट हवेत, त्याचं कारण पुढे येईल. आणि कोल्हापूरकरांसाठी खास: मुंबईपर्यंतची रात्र बसमध्ये किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये जाते, म्हणजे ही सलग दुसरी रात्र. विमानात जेवण आलं की खा आणि डोळे मिटा. सिनेमे बघू नका.

सुवर्णभूमीच्या तळमजल्याखाली शहरात जाणाऱ्या एअरपोर्ट रेल लिंक या गाडीचं स्टेशन आहे. त्याच्याशेजारच्या खिडक्यांवर पैसे बदलून घ्या, वरच्या मजल्यांपेक्षा इथे भाव बरा मिळतो. मक्कासानला उतरून शेजारच्या फेत्चाबुरी स्टेशनवर भुयारी मेट्रोची निळी लाईन पकडायची आणि वाट मांगकोन या याओवारातच्या स्टेशनला उतरायचं. रेल लिंकचं तिकीट कितीही लांब गेलात तरी 45 बाथच्या (बाथ म्हणजे थाई चलन) वर जात नाही. दोन्ही गाड्या मध्यरात्रीच्या सुमाराला थांबतात, त्यामुळे इमिग्रेशनला उशीर झाला तर सरळ मीटरची टॅक्सी घ्या. विमानतळाचे जादा 50 बाथ आणि टोल आपण द्यायचा असतो, ती फसवणूक नव्हे.

याओवारातला स्टेशनातून वर आलं की डोळ्यांत भरतात सोन्याची दुकानं. लाल भिंती, लाल काउंटर आणि त्यावर ओळीनं लटकलेल्या साखळ्या. आमच्या गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात वाढलेल्या संग्रामला तिथून हलवणं अवघड गेलं असतं, पण दुकानांची शटरं खाली येत होती. त्यानं सांगितलेली माहिती उपयोगाची आहे: थाई दागिन्याचं सोनं 96.5 टक्के शुद्धतेचं असतं आणि वजन तोळ्यात नाही, बाथमध्येच मोजतात; चलनाचं आणि वजनाचं नाव एकच. दागिन्यातला एक बाथ म्हणजे साधारण 15.16 ग्रॅम. रात्रीच्या धावपळीत घेऊ नये हे त्याचंच मत.

खाणं मात्र रस्त्यावरच. कोळशावरची कोळंबी, तळलेले शिंपले घातलेलं आमलेट, आणि मिऱ्यांचा झणका असलेल्या पातळ रश्शातल्या, गुंडाळी झालेल्या तांदळाच्या शेवया. तो रस्सा पिताना पांढऱ्या रश्शाची आठवण झाली, फक्त नारळ नाही आणि मांस डुकराचं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ऑर्डर देण्याआधी विचारावं: "मू" म्हणजे डुक्कर, "नुआ" म्हणजे गाईचं, "काय" म्हणजे कोंबडी. दीपा शाकाहारी आहे. तिच्यासाठी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेली गाडी शोधली. तिथे मांस, मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो. पण रात्री अशा गाड्या थोड्याच, म्हणून शाकाहारी लोकांनी दशम्या, चटणी बरोबर न्यावी. दुसऱ्या गाड्यांवर भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतो. आणि सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी बऱ्याच गाड्या बंद असतात.

बाराच्या पुढे आम्ही चालत फुलबाजाराकडे निघालो. बाजार चोवीस तास उघडा असतो, पण खरा जोर मध्यरात्रीनंतर, ट्रक यायला लागले की. रस्ता ओला, खाली देठ आणि पानांचा चिखल, आणि मधून हातगाड्या सुसाट पळवणारे हमाल. बूट त्यासाठी. हमालाचा आवाज आला की आधी बाजूला व्हायचं, फोटो नंतर.

झेंडूचे ढीग बघून उदय गप्पच झाला. फुलं मोठी, घट्ट, एका मापाची, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून भिंतीला रचलेली. मोगऱ्याच्या कळ्या बर्फावर. पण तो थांबला एका म्हाताऱ्या बाईच्या पाटापाशी. आपल्याकडे गजरा दोऱ्याच्या गाठीनं बांधतात. ती बाई हातभर लांब सुईवर न उमललेल्या कळ्या आडव्या, गोलाकार टोचत होती, एकावर एक थर, आणि सुई भरली की त्या सगळ्या कळ्या एकदम दोऱ्यावर सरकवत होती. माळेच्या लोंब्यात मेणासारखी जाड पांढरी फुलं होती. उदयनं एक उचलून बघितलं. "आरं, ही रुई!" आपल्याकडे शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ जाते, इथे फुलं बुद्धाला जातात. शेजारी एक पोरगी कमळाच्या कळ्यांच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडत होती, तिचं लक्ष समोरच्या मोबाईलवर आणि बोटं आपोआप चालू.

उदयनं खुणेनंच सुई मागितली. बाईनं त्याच्या बोटांकडे बघितलं आणि दिली. त्याचा पहिला थर वाकडा बसला, तिनं तो उपटून परत लावून दाखवला, दुसरा बरा झाला. अर्धा तास आम्ही तिथंच. तेजूनं हार नाकाजवळ नेला तर उदय ओरडला, "देवाचं फूल हुंगत्यात व्हय?" बाईला भाषा कळली नाही, पण ती हसली.

हार घेतलात तर तिथल्याच एखाद्या छोट्या देव्हाऱ्याला वाहून टाका. ताजी फुलं दुसऱ्या देशात नेताना तपासणीत अडकू शकतात. भाव करायला हरकत नाही, पण घाऊक गिऱ्हाईक उभं असताना नको, त्यांची ती कमाईची वेळ असते. स्वच्छतागृह ही रात्रीची खरी अडचण, त्यामुळे याओवारात सोडण्याआधी एखाद्या हॉटेलात जाऊन या. थंड पाणी आणि बसायला जागा चोवीस तास उघड्या सेव्हन-इलेव्हन दुकानाच्या पायरीवर मिळते.

पहाटे बाजारापासून नदीकडेनं था तिएनच्या धक्क्याकडे चालत गेलो. वाटेत अनवाणी भिक्षू पात्र घेऊन निघालेले दिसतात. बायकांनी त्यांना स्पर्श होणार नाही एवढं अंतर ठेवायचं. समोरच्या काठावर वाट अरुण हे देऊळ. सूर्य आपल्या पाठीमागून उगवतो आणि मनोऱ्यावरच्या चिनी मातीच्या तुकड्यांवर पडतो, म्हणून सकाळी याच काठावरून बघायचं. होडीनं पलीकडे जायचा मोह टाळा.

तिथून सनाम चाय मेट्रो स्टेशन जवळ आहे. आलो तोच मार्ग उलटा: निळी लाईन, फेत्चाबुरी, मक्कासान, रेल लिंक. यात तास-सव्वातास धरा, आणि पुढच्या विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर हवं. म्हणजे अकराच्या विमानाला था तिएनवरून साडेसहाच्या पुढे थांबायचं नाही. नऊच्या आत पुढचं विमान असेल तर सूर्योदय सोडून द्या, बाजारातूनच टॅक्सी करा. फुलबाजार मात्र सोडू नका.